आयनिक लिक्विड वापरताय? आधी फ्लास्कची काच उजेडात धरा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले आठ महिने माझे एका चुकीच्या निष्कर्षापायी गेले. आयनिक लिक्विडवर, म्हणजे द्रावक म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रवरूप क्षारावर, नव्याने काम सुरू करणारं कुणी भेटलं की मी आधी तेच सांगते.

रिॲक्शन बिजिनेलीची, म्हणजे तीन पदार्थ एकत्र जोडणारी. बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट, युरिया, द्रावक बीमिम-बीएफ4 (ब्युटिल-मिथाइल-इमिडाझोलियम आणि टेट्राफ्लुओरोबोरेट या आयनांचं आयनिक लिक्विड), तापमान 100 अंश, कॅटॅलिस्ट काही नाही. पहिल्याच खेपेला टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर) आल्डिहाइडचा ठिपका गायब. वर्कअपही (प्रॉडक्ट वेगळा काढणं) सोपा: पाणी ओतलं की पांढरा प्रॉडक्ट खाली बसतो, तो गाळून घ्यायचा, आयनिक लिक्विड पाण्यात राहतं. ते पाणी रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) उडवायचं आणि तेच लिक्विड पुन्हा वापरायचं. असं फिरवून वापरताना यील्ड (मिळालेल्या प्रॉडक्टचं प्रमाण) एरवी हळूहळू उतरतो. माझा चढत होता, वेळही कमी लागत होता. 'आयनिक लिक्विड स्वतःच कॅटॅलिस्टचं काम करतं' असं मी वहीत लिहिलं आणि गाईडनाही ते पटलं.

मग ती बाटली संपली. नवीन बॅच मी स्वतः बनवली, क्लोराइड जाईपर्यंत धुतली, 70 अंशांवर व्हॅक्यूममध्ये दोन दिवस वाळवली. त्यात रिॲक्शन जेमतेम हलली. मी युरिया बदलला, आल्डिहाइड डिस्टिल केलं, थर्मामीटर तपासला. चूक माझ्या हाताची आहे असंच वाटत राहिलं. त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही.

उत्तर मिळालं ते फ्लास्क धुताना. जुना फ्लास्क खिडकीशी धरला, तर आतून काच धुरकट दिसली. सगळीकडे नाही, जिथवर लिक्विडची पातळी असायची तिथवरच. ॲसिटोनने ते जाईना, कशानेच जाईना. काच खाल्ली गेली होती. मग जुन्या बाटलीच्या तळाशी राहिलेला थेंब पाण्यात मिसळून पीएच पेपरवर टाकला. पेपर लाल झाला.

बीएफ4 आयन पाण्यासोबत तापला की त्याचं हायड्रोलिसिस होतं, म्हणजे पाण्याने तो फुटतो, आणि हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. पाण्यात त्याचं हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, आणि तेच काच खातं. पीएफ6 (हेक्साफ्लुओरोफॉस्फेट, असाच दुसरा आयन) त्यामानाने चिवट, पण जास्त उष्णता किंवा आम्ल मिळालं की तोही फुटतो. माझ्या रिॲक्शनमध्ये पाणी बाहेरून यायची गरजच नव्हती. बिजिनेलीत प्रॉडक्टच्या एका रेणूमागे पाण्याचे 2 रेणू सुटतात. वर मी वर्कअपला पाणी ओतत होते आणि ते गरम करून उडवत होते. म्हणजे प्रत्येक फेरीत आम्ल वाढत होतं, आणि बिजिनेली तर आम्लानेच चालते. मी कौतुक करत होते द्रावकाचं, काम करत होतं आम्ल.

इथे स्पष्ट बोलते. हा प्रश्न फक्त यील्डचा नाही. सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेवर पडलं तर लगेच दुखतही नाही. ते आत झिरपतं, कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि त्रास तासांनंतर सुरू होतो. लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर बीएफ4 किंवा पीएफ6 पाण्यासोबत तापवू नका. गाईड घाई करत असले तरी नाही.

'कॅटॅलिस्टशिवाय' हा शब्द लिहिण्याआधी चार फ्लास्क लावा. एक द्रावकाशिवाय. एक ताज्या, वाळवलेल्या लिक्विडमध्ये, पाणी कार्ल फिशरवर (पाण्याचा अंश मोजण्याच्या टायट्रेशनने) मोजून. एक जुन्याच लिक्विडमध्ये, पण 2,6-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडिन टाकून. हा बेस प्रोटॉन धरतो आणि गर्दीमुळे बाकी कशाला सहसा हात लावत नाही. रिॲक्शन थांबली तर आम्ल लपलेलं आहे. चौथा साध्या द्रावकात, चिमूटभर आम्ल घालून. दोन दिवसांचं काम आहे. मी ते पहिल्या आठवड्यात केलं असतं तर आठ महिने वाचले असते.

सिनियरच्या बाटलीतून उसनं घेणं हा मला सगळ्यात वाईट शॉर्टकट वाटतो. ते किती फेऱ्या फिरलंय हे त्यालाही आठवत नसतं. लिक्विड पाण्यासारखं रंगहीन दिसतं म्हणून ते शुद्ध असं समजू नका. आणि 'ग्रीन आहे' एवढंच सांगून विषय संपवणारे गाईड असतील तर वर्कअपला किती ईथर लागलं ते त्यांच्यासमोर मोजून दाखवा. आयनिक लिक्विडची वाफ जवळजवळ होत नाही हा गुण खरा आहे, पण त्यावरून बाकीचं ठरत नाही.

बाकीच्या अडचणी तुम्ही निभावून न्याल. क्लोराइड राहिलं तर घट्टपणा वाढतो आणि पॅलेडियम कॅटॅलिस्टचं काम अडतं. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करा. जोरदार बेस वापरणार असाल तर इमिडाझोलियमचा सी2 वरचा प्रोटॉन निघून कार्बीन बनतं, ते आधीच धरून चाला. ढवळणं कमी पडलं तर तापमान थोडं वाढवा. यातलं काहीही जमलं नाही म्हणून तुम्ही कच्चे ठरत नाही. या द्रावकात बाटलीचा इतिहास निकालात उतरतो, आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला नसतो. म्हणून लेबलवर बनवल्याची तारीख, पाणी, क्लोराइड आणि किती फेऱ्या झाल्या ते लिहा.

शेवटी मी बीमिम-एनटीएफ2 (बीएफ4ऐवजी बिसट्रायफ्लिमाइड आयन असलेलं लिक्विड) घेतलं, त्यात पीटीएसए (पॅरा-टोल्युईनसल्फोनिक आम्ल) मोजून टाकलं. तीन वेगवेगळ्या बॅचमध्ये रिॲक्शन सारखी आली. यील्ड जुन्या आकड्यापेक्षा कमी होता. प्रबंधात तोच दिला आहे.