पेस्टलमधला व्हिन्सेंट कसा पाहावा

फ्रेंच चित्रकार आन्री द तुलूज-लोत्रेकने १८८७ मध्ये पॅरिसमध्ये डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं पुठ्ठ्यावर पेस्टलमध्ये, म्हणजे कोरड्या रंगकांड्यांनी, व्यक्तिचित्र केलं. ते आज अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे; उंची साधारण ५७ सेंटिमीटर, रुंदी ४६. दोघांची ओळख पॅरिसमधले चित्रकला-शिक्षक कोरमाँ यांच्या चित्रशाळेतली.

आधी दोन मीटरवर थांबा. एका बाजूने दिसणारा चेहरा, टेबलाशी पुढे झुकलेलं अंग, समोर ग्लास, एवढंच पाहा. व्हिन्सेंटचं पुढचं आयुष्य सध्या विसरा. त्याने स्वतःचा कान कापल्याची घटना डिसेंबर १८८८ मधली आहे. ती आधीच डोक्यात असली की चेहऱ्यावर नसलेलं दुःख दिसू लागतं आणि असलेली एकाग्रता निसटते.

मग अर्ध्या मीटरवर या. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी आणि ती कांडीत धरून ठेवण्यापुरता डिंक. वर तेलाचा थर नसल्यामुळे रंग चमकत नाही, पण कोरडा, ताजा दिसतो. ही भुकटी बोटाने पुसली जाते आणि प्रकाशाने काही रंग फिके होतात, म्हणून अशी चित्रं काचेआड, मंद उजेडात ठेवतात. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. काचेवर झळाळी आली तर थोडं बाजूला सरका.

आता रेघा. व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कारिएरा हिने १७२१ मध्ये चित्रकार वातोचं पेस्टल केलं, त्यात रंग मऊ घोटून एकजीव केले आहेत. लोत्रेक घोटत नाही. निळ्या, पिवळ्या, नारिंगी रेघा तो शेजारी-शेजारी ठेवतो, त्या लांबून मिसळतात. एखादी रेघ निवडा आणि तिची दिशा धरून डोळा फिरवा. मधूनमधून मोकळा सोडलेला पुठ्ठाही रंगासारखाच वापरला आहे. अशा रेघांमुळे याला कच्चं रेखाटन समजू नका. पेस्टल वाळायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे हाताचा वेग जसाच्या तसा उरतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र चेहऱ्याच्या कोनात आहे. आत्मचित्र करणारा आरशात पाहतो, त्यामुळे त्याची नजर बहुधा आपल्याकडे वळलेली असते आणि डावं-उजवं उलटलेलं असतं. स्वतःची पूर्ण बाजू एका आरशात नीट दिसतच नाही. व्हिन्सेंटने पॅरिसमध्ये स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवलं, पण हे कपाळ, ही पुढे आलेली दाढी आणि दुसरीकडे लागलेली नजर पकडायला शेजारी बसलेला दुसरा चित्रकारच हवा होता. त्याचं १८८७ चं एखादं आत्मचित्र शेजारी ठेवून आधी नाक, मग जबडा ताडून पाहा.

ही तुलना फोनवर करत असाल तर स्क्रीनचा उजेड कमी करा, नाहीतर पुठ्ठ्याचा तपकिरी रंग उगीच उजळ भासतो.