अभयारण्यालगतच्या गावांत जंगलाचे मोल कसे जाणून घ्यावे

संरक्षित क्षेत्राविषयी स्थानिकांना काय वाटते याची पाहणी करणाऱ्याने ‘जंगल’ आणि ‘अभयारण्य’ यांविषयीचे प्रश्न आधीपासूनच वेगळे ठेवावेत. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले; तेथील महादेव कोळी समाजाचे जंगलाशी असलेले नाते त्याच्या कितीतरी आधीचे आहे. ‘अभयारण्य हवे की नको?’ असे थेट विचारले, तर बंधनांविषयीची नाराजी किंवा वनखात्याचा धाक तेवढा उत्तरात उतरतो आणि जंगलाविषयीची आस्था नोंदवायची राहून जाते.

निघण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने अभयारण्याच्या हद्दीतही वनहक्क मान्य केले असल्यामुळे गावाने सामूहिक दावा केला आहे का आणि तो कोठवर आला आहे, हेही विचारावे. भातलावणीच्या दिवसांत कोणालाही बसवून प्रश्न विचारू नयेत. त्यापेक्षा उन्हाळ्यात, बाळहिरडा म्हणजे हिरड्याची कोवळी फळे गोळा करण्याच्या हंगामात, लोकांची परवानगी घेऊन त्यांच्याबरोबर रानात जावे, कारण झाडाखाली उभे राहून मिळणारी माहिती ओसरीवर मिळत नाही: हिरडा कोण वेचतो, वाळवतो कोठे, वजन कोण करतो, भाव कोण ठरवतो आणि पैसा घरात कोणाच्या हाती येतो.

देवराईपाशी मात्र किमतीचा प्रश्न काढूच नये. तेथील वाळलेले लाकूडही न उचलण्याचा नियम असेल, तर तो कोणी घातला, आज कोण पाळतो आणि मोडल्यास काय होते, हे ऐकून घ्यावे. अशा जागेचे रुपयांत मोजमाप करणे मला तरी चुकीचे वाटते.

स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलणे अत्यावश्यक आहे. सरपण, पाणी आणि रानभाज्या यांसाठीची पायपीट त्यांच्या वाट्याला येते आणि पुरुषांच्या बैठकीत तिचा क्वचितच उल्लेख होतो. रानडुकरांनी केलेली पिकांची नासाडी, बिबट्याने नेलेली शेळी, मिळालेली किंवा अडकलेली भरपाई यांची नोंद शेकरू या मोठ्या खारीविषयीच्या अभिमानाइतक्याच काळजीने करावी आणि एकाच व्यक्तीने दोन्ही सांगितले, तर त्यात विसंगती शोधू नये. औषधी वनस्पतींची माहिती सांगणाऱ्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लिहू नये.

अहवालाचा मसुदा ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा, लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्यांच्याच शब्दांत घालाव्यात आणि एक प्रत गावात ठेवावी.