रात्रीच्या फोनआधी: घरपोच उपशामक सेवेत पॅरामेडिकने करायचे काम

रुग्णाला उचलून लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवणे ही पॅरामेडिकच्या हाताला लागलेली सवय असते आणि अपघातात तीच प्राण वाचवते. पण कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर तोंडाच्या कर्करोगाने अखेरच्या आठवड्यांत आलेला, घरीच राहण्याची इच्छा बोलून दाखवलेला माणूस याच सवयीमुळे पहाटे अनोळखी वॉर्डात जाऊन पडतो. म्हणून उपशामक पथकात, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या (पॅलिएटिव्ह) सेवेत, काम करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट धरून चालावे: रात्री जो निर्णय घाबरून घ्यावा लागतो, तो दिवसा, डॉक्टर आणि घरची माणसे एकत्र असताना घेऊन कागदावर उतरवून ठेवायचा.

पहिली भेट

या भेटीत बॅग उघडण्याची घाई करू नये. रुग्णाच्या उशाशी बसावे, "आबा, आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे. वेदना शून्य ते दहा या मापात विचारण्याची पद्धत उपयोगी आहे, परंतु आकड्यापेक्षा शब्द अधिक सांगतात. "आग होते", "मुंग्या येतात", "करंट बसल्यागत होतंय" असे सांगणाऱ्याची वेदना बहुधा मज्जातंतूंची असते आणि तिला मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाने एकट्याने पुरेसा उतार पडत नाही. थांबून थांबून कळा येत असतील तर आतडे किंवा मूत्रमार्ग यांचा विचार करावा लागतो. हालचाल केली की एकाच जागी हाड ठणकत असेल, तर आजार हाडात उतरल्याची शंका डॉक्टरांना कळवावी. त्यामुळे रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून घ्यावेत. मात्र पाठदुखी नव्याने सुरू होऊन पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आल्याचे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गाडी वेगाने हाकण्याचे मोजके प्रसंग या सेवेतही येतात.

उंबऱ्यावरच कोणीतरी हळूच सांगते, "त्यांना आजाराचं काही बोलू नका." अशा वेळी खोटे बोलू नये आणि हट्टाने सत्यही सांगू नये. "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय विचारायचंय?" एवढे रुग्णाला विचारून त्याचे उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. बऱ्याचदा त्याला सगळे आधीच उमगलेले असते.

निदान, चालू औषधे, रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक, निर्णय कोण घेणार आणि रुग्णाची इच्छा काय, हे एका फाईलमध्ये लिहावे. फाईल कपाटात कुलपात ठेवू नये. 108 ची गाडी आली, तर तिच्यातील डॉक्टरांच्या हातात सर्वांत आधी ही फाईल द्यावी, असे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

येथे कोल्हापूरपुरती एक अडचण सांगितलीच पाहिजे. छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नाला आपण पॅरामेडिक 'सीपीआर' म्हणतो, तर जिल्ह्यात 'सीपीआर' म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. "सीपीआर नको" या दोन शब्दांतून घरचे एक समजतात आणि आपण दुसरेच लिहून घेतो. त्यामुळे ही कृती पूर्ण वाक्यात समजावावी आणि फाईलमध्येही तसेच लिहावे. सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र (पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) यांना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. तरीही अशा कागदाचा अर्थ पॅरामेडिकने एकट्याने लावू नये. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वाचून दाखवावा आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे.

औषधांबाबत

तोंडाने घेण्याच्या साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता ते घड्याळ लावून द्यायचे असते आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध लागतेच, कारण गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास पडत असतील, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना ताबडतोब फोन करावा. एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे व देणे सुलभ झाले, पण हिशेबाची जबाबदारी कायम आहे. प्रत्येक भेटीत गोळ्या मोजून आकडा लिहावा.

रात्री फोन आल्यावर

धाप लागली असेल तर रुग्णाला उशांच्या आधाराने बसते करावे, खिडकी उघडावी, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्यावा आणि भोवतीची गर्दी कमी करावी. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण कमी नसेल, तर ऑक्सिजनच्या नळीपेक्षा वाऱ्याचा उपयोग अधिक होतो. घशात घरघर वाजत असेल तर कुशीवर वळवावे. शेवटच्या तासांत तो आवाज रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त छळतो, हे सांगितल्याने पुष्कळ फरक पडतो. तोंडाच्या किंवा मानेच्या जखमेतून मोठा रक्तस्राव होण्याची भीती असेल, तर गडद रंगाचे टॉवेल आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले झोपेचे औषध घरात तयार असावे. पांढऱ्या चादरीवर पसरलेले रक्त घरच्यांच्या डोळ्यांसमोरून वर्षानुवर्षे हलत नाही.

सर्वांत अवघड मागणी सलाईनची. "निदान एक बाटली तरी लावा" यामागे उपाशी ठेवल्याची अपराधी भावना असते, म्हणून नुसता नकार देऊ नये. शरीर मिटत चालले असताना दिलेले पाणी सुजेत आणि घरघरीत उतरू शकते, हे समजावावे आणि लगेच हाताला काम द्यावे: ओल्या कापसाने ओठ भिजवणे, तोंड स्वच्छ करणे, गिळता येत असेल तर आवडीच्या पांढऱ्या रश्श्याचे दोन थेंब जिभेवर ठेवणे.

पावसाळ्याची तयारी

2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर हा भाग आपल्याकडे वगळता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, तर धोका पातळी 43 फूट आहे. इशारा मिळेपर्यंत थांबल्यास उशीर होतो, कारण गगनबावड्याकडचा रस्ता पाण्याखाली गेला की पलीकडचा रुग्ण तुटलाच. जून उजाडताच प्रत्येक रुग्णाचे गाव आणि रस्ता वहीत तपासावा, औषधांचा वाढीव साठा किती द्यायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारे विजेचे यंत्र) असलेल्या घरी वीज गेल्यावर काय करायचे ते लिहून ठेवावे. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला नातेवाइकांकडे हलवायचे असल्यास ते कोरड्या रस्त्यावरून हलवावे. होडीत स्ट्रेचर चढवण्याची कसरत वेदनेने कण्हणाऱ्या माणसावर लादू नये.

मृत्यू झाल्यावर

मृत्यूचा दाखला पॅरामेडिक देऊ शकत नाही. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा नमुना 4 अ उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो आणि नोंदणी 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करावी लागते. ते डॉक्टर कोण, हे पहिल्या भेटीतच ठरलेले असले म्हणजे पहाटे चार वाजता मुलाला दारोदार फिरावे लागत नाही. सुई, नळी, कॅथेटर आपल्या हाताने काढावे आणि विधींसाठी बाजूला व्हावे. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या त्याच दिवशी मागू नयेत. दहाव्यानंतर भेटीला जाल तेव्हा घरच्यांसमोर मोजाव्यात, त्यांची सही घ्यावी आणि ज्या संस्थेतून आल्या तेथे परत कराव्यात.