डिमसम आणि हाताने ओढलेल्या नूडल्स: गार व्हायच्या आत कसे खावे

सिंगापूर, मेलबर्न, न्यू यॉर्क अशा शहरांत एका ठरावीक जातीचं साधं चिनी हॉटेल हमखास सापडतं. आत शिरताच बांबूच्या टोपल्यांची चळत वाफाळत असते आणि काचेपलीकडे कुणीतरी कणकेची दोरी ओढून ओट्यावर आपटत असतो. खरं तर हे दोन पदार्थ एकमेकांचे शेजारी नव्हेत. डिमसम, म्हणजे टोपल्यांत येणारे छोटे छोटे पदार्थ, दक्षिणेकडच्या ग्वांगचौ-हाँगकाँगचं, तर नूडल्स वायव्येच्या गान्सू प्रांतातल्या लानचौ शहराच्या. मधलं अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. लानचौची मूळ दुकानं हुई मुसलमानांची, तिथे डुकराचं मांस वर्ज्य. डिमसमचं पान त्याच्यावाचून हलत नाही. परदेशातल्या हॉटेलांनी दोघांचा संसार मांडून दिला. दोघांचा स्वभाव मात्र एक: थांबायला सांगितलं की रुसतात. म्हणून इथे काय मागवायचं ते नंतर, कधी मागवायचं ते आधी ठरवा.

जायचं सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. डिमसम हा मुळात सकाळचा प्रकार. चौघं असलात तर उत्तम, कारण एका टोपलीत साधारण तीन-चार नग येतात. दोघंच गेलात तर तीन प्रकारांतच पोट भरतं आणि नूडल्सना जागा उरत नाही.

पहिलं काम चहा

कँटनीज, म्हणजे ग्वांगचौ-हाँगकाँगकडचा माणूस ‘डिमसम खायला चल’ म्हणण्याऐवजी ‘यम चा’ म्हणतो, म्हणजे चहा प्यायला. बसल्याबसल्या चहा कोणता ते विचारतात. ‘बो ले’ हा काळपट, मातकट वासाचा चहा तेलकट खाण्यावर उतारा म्हणून घेतात. पहिल्यांदा जड वाटला तर शेवंतीची फुलं घातलेला मागा, तो सौम्य असतो. दूध-साखर विसरा.

हाँगकाँगमध्ये पहिल्या उकळत्या चहाने वाट्या आणि जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) टेबलावरच विसळतात आणि ते पाणी मोठ्या वाडग्यात ओततात. तो वाडगा सूप समजून तोंडाला लावू नका. कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करा, हे आभार. छ्येनलुंग बादशहा वेष पालटून फिरताना त्याने नोकराला चहा ओतला, नोकराला चारचौघांत लोटांगण घालता येईना, म्हणून त्याने बोटांनीच दंडवत घातलं, अशी दंतकथा आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवा. हाका मारायची गरज नाही, वेटरला समजतं.

टोपल्या फेऱ्यांनी मागवा

टेबलावर यादीचा कागद नि पेन्सिल असते. हवं त्यापुढे खूण करायची. ढकलगाड्या आता फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत, हाँगकाँगच्या सिटी हॉलमधल्या मॅक्झिम्स पॅलेसमध्ये त्या अजून फिरतात. गाडी आली तर झाकण उघडून दाखवायला सांगा. कागद असेल तर मात्र आपली सवय आड येते: दहा खुणा एकदम करून मोकळं होणं. मग दहा टोपल्या एकत्र येतात आणि शेवटच्या पाच गारढोण खाव्या लागतात. पहिल्या फेरीत चारच मागवा.

त्यात हार गाऊ हवंच. कोळंबी भरलेली ही पारदर्शक करंजी कशी होते हे मराठी घराला चटकन कळेल. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतो ना, तसं गव्हातलं नुसतं सत्त्व घ्यायचं, त्यात टॅपिओकाचं पीठ मिसळायचं (आपला साबुदाणा त्याच कंदाचा) आणि वरून उकळतं पाणी ओतून उकड काढायची. मग मोदकासारख्या कळ्या. निदान सात हव्यात असा रिवाज आहे. दहाच्या पुढे गेला तो हात कसलेला. ही उकड गार झाली की ताठते आणि काडी लावताच फाटते, आतला रस टोपलीत. म्हणून टोपली उघडली की फोटोआधी हार गाऊ.

स्यू माय, म्हणजे वरून उघडी डुकराच्या मांसाची नि कोळंबीची वाटी, दोन मिनिटं कळ काढते. चार स्यू बाव हा गोडसर मांस भरलेला पांढरा पाव त्याहून जास्त वेळ तग धरतो. तो पोट भरतो, तेव्हा चौघांत एकच टोपली. यादीत शाओलुंगबाव दिसलं तर ते शांघायकडचं, आत गरम सूप असलेलं. चमच्यात घ्या, कडेला छोटं भोक पाडा, सूप प्या, मग उरलेलं खा. अख्खं तोंडात टाकलंत तर जीभ पोळलीच.

शाकाहारी मंडळींनी मुळ्याच्या वडीपासून सावध राहावं. दिसते आपल्या कोथिंबिरीच्या वडीसारखी निरागस, पण तिच्यात बहुधा सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं. मँडरिनमध्ये शाकाहाराला ‘सू’ म्हणतात. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींना अशी हॉटेलं जास्त सोयीची.

मग नूडल्स

शेवटची टोपली अर्धी झाली की नूडल्स सांगा. त्या तयार व्हायला फार वेळ लागत नाही आणि वाडग्यात पडल्या की रस्सा पिऊन फुगायला लागतात.

गंमत अशी की हार गाऊत गव्हाचा चीक लागतो, इथे लागतो त्याच गव्हाचा चिवटपणा. खूप तिंबलेल्या कणकेत खाराचं पाणी घालतात. लानचौत हा खार पूर्वी एका वाळवंटी झुडपाच्या राखेतून काढत. आपल्या पापडखाराचा भाऊबंदच. मग दोरी ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. आठ दुमडींत 256 तारा. हातावर मांडे फिरवणारी खानदेशातली बाई हे बघून मान डोलावेल.

तारेची जाडी तुम्हीच सांगायची. ‘माओ शी’ केसासारखी, ‘च्यू ये’ पातीसारखी चपटी, ‘दा क्वान’ थेट पट्ट्याएवढी. पहिल्या खेपेला मधली ‘एर शी’ घ्या. केसासारखी दिसते सुंदर, पण लवकर मऊ पडते.

लानचौच्या अस्सल वाडग्यात पाच रंग: नितळ रस्सा, पांढरा मुळा, लाल मिरचीचं तेल, हिरवी कोथिंबीर-लसणाची पात आणि पिवळसर नूडल्स. रस्सा गोमांसाचा असतो, तो चालत नसेल तर टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स आहेत का विचारा, आणि त्यातही तोच रस्सा घालत नाहीत ना हेही. तेल ढवळण्याआधी दोन घोट नितळ रस्सा प्या. व्हिनेगर अर्ध्या वाडग्यानंतर. सुर्र आवाज खुशाल करा. भात मागवला असेल तर काड्या त्यात उभ्या खोचू नका. मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांची आठवण होते.

बिलात चहाचे पैसे माणशी लावतात, त्यावरून हुज्जत घालू नका. आणि जागा उरली नसेल तर अंड्याचं टार्ट बांधून घ्या. या टेबलावर घरी पोचेपर्यंत वाट बघणारं तेवढं एकच.