बेज की ऑफ-व्हाइट: घराच्या आतला रंग कसा ठरवावा

दसऱ्याआधी घर रंगवायचं ठरलं की तालुक्याहून शेडकार्ड येतं आणि सगळं घर त्याच्यावर वाकून बसतं. त्या बोटभर चौकोनांवरून रंग पक्का करू नका.

आधी खोलीतला उजेड बघा. उत्तरेच्या खिडकीतून थंड, निळसर उजेड येतो. तिथे करड्या झाकेचा बेज मळकट दिसतो, पिवळसर ऑफ-व्हाइट खुलतो. पश्चिमेच्या खोलीत उतरतं ऊन शिरलं की बेज तांबूस होतो. झळ लागू नये म्हणून आपल्याकडे जुन्या घरांच्या खिडक्या लहान, मधल्या खोलीत भरदुपारीही अंधार. तिथे ऑफ-व्हाइटच द्या. रंग किती उजेड परत फेकतो, हे सांगणारा 0 ते 100 चा आकडा असतो, एलआरव्ही. ऑफ-व्हाइटचा बहुधा 75 च्या वर, बेजचा साधारण 50 ते 70. दुकानदाराला तो विचारा.

शेड कोऱ्या पांढऱ्या कागदाला लावून धरा, म्हणजे तिची पिवळी, गुलाबी किंवा हिरवी झाक कळते. कोटा फरशी हिरवट असते. गुलाबी झाकेचा बेज तिच्याशी जुळत नाही.

आता खरी परीक्षा. दोन्ही रंगांचे लहान डबे आणा. मोठ्या पुठ्ठ्यांवर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारून दोन-दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, वाळल्यावर थोडं गडद होतं. पुठ्ठे भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहा. रात्रीचं पाहणं अजिबात टाळू नका. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. पांढरा एलईडी सहसा 6500 केल्विनचा असतो, त्याखाली ऑफ-व्हाइट निळसर, कोरडा वाटतो. 3000 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली तोच उबदार होतो. बल्ब बदलायचा असेल तर रंग निवडायच्या आधी बदला.

वावरातून येणारे काळ्या मातीचे हात आणि भिंतीला टेकणारी कापसाची गाठोडी, यांचाही विचार हवा. म्हणून छपरीत आणि समोरच्या खोलीत मी खाली तीन-चार फूट बेज आणि वर ऑफ-व्हाइट सुचवेन, मात्र दोघांची झाक एकच असू द्या. खालच्या भागाला धुता येणारं इमल्शन घ्या. साधं डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघून येतं. कूलरच्या खिडकीखाली ओल असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर कुठलाही रंग पोपडे धरेल.

पूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी मिसळून आणा, डब्यावरचा शेड कोड लिहून ठेवा आणि डागडुजीसाठी थोडा रंग झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा.