शेजारच्या ग्रास कटरची घरघर: बोलणं कुठून सुरू करावं

पावसाळा लागला की इंदूरच्या राजेंद्रनगर, टिळकनगर अशा वस्त्यांत आठवड्याभरात गवत घोट्याला लागतं आणि पेट्रोलवरचे ग्रास कटर बाहेर निघतात. दर रविवारी सकाळी सातला शेजारी तीच घरघर होत असेल, तर असं करून पाहा.

१. दोन-तीन आठवडे वार, वेळ आणि मशीन कोणती, एवढंच टिपून ठेवा. "रोजच चालतं हो" म्हटलं की शेजारी लगेच "रोज कुठे?" म्हणणार.

२. मग माळ्याला गाठा. पुष्कळदा वेळ घरमालकानं ठरवलेलीच नसते. एकच माळी गल्लीतली पाच-सात घरं करतो आणि ज्या क्रमानं फिरतो त्यात शेजारचं घर पहिलं येतं, एवढंच. तो तुमच्याकडेही येत असेल तर काम सोपं. "भैया, सुरुवात त्या टोकाकडून करा, इकडे नऊनंतर या," एवढ्यानंही भागू शकतं. खरं तर आवाज बंद करण्यापेक्षा वेळ सरकवणं केव्हाही सोपं.

३. तरी शेजाऱ्यांना सांगाच, माळ्यामार्फत कळलं तर मन दुखावतं. मशीन चालू असताना जाऊ नका, संध्याकाळी जा. "काका, आईला पहाटेच जरा डोळा लागतो. कटर नऊनंतर चालला तर जमेल का?" मागणी एकच ठेवा. पार्किंग, कुत्रा, गच्चीवरचं पाणी, सगळं त्याच दिवशी काढू नका.

४. मशीनचंही बघायला सांगा. सायलेन्सर ढिला किंवा फुटका असेल तर आवाज फार वाढतो. हात थांबला तरी इंजिन फुल रेसवर ठेवायची काहींना सवय असते. छोट्या हिरवळीला ढकलायची हातमशीन आणि कुंपणाला कैची पुरते. वाळल्या पानांसाठी ब्लोअर तर मला निव्वळ हौस वाटते, खराटा आहे की.

५. एवढ्यानं भागलं नाही तर रहवासी संघाकडे जा. एका घराचं नाव न घेता सगळ्या कॉलनीसाठी वेळ ठरवून घ्या, उदाहरणार्थ सकाळी नऊ ते बारा.

६. कायदा शेवटी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण तिथे दिवस सकाळी ६ला सुरू होतो, म्हणून "सातला झोपमोड होते" हा मुद्दा तिथे लंगडा पडतो. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. फोनवरच्या ॲपचा आकडा अंदाजापुरताच धरा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, सोबत तुमची टिपणं जोडा आणि पावती घ्या. दाद लागली नाही तर सीएम हेल्पलाइन १८१वर नोंदवा. रात्री १० ते सकाळी ६च्या दरम्यान मशीन चालत असेल, तर मात्र पाचव्या पायरीपर्यंत थांबायची गरज नाही, सरळ ११२ लावा.