पोच लगेच, कोटेशन सावकाश

स्वतंत्रपणे काम सुरू करणारे नवे लोक मला हमखास विचारतात, "चौकशीचा मेल आला की किती वेळात उत्तर द्यायचं?" आणि मग थोडं थांबून, "लगेच दिलं तर आपण रिकामेच बसलोय असं वाटेल ना?" खरी अडचण या दुसऱ्या वाक्यात असते. काम मिळावं म्हणून आटापिटा करायचा आणि आपल्याला कामाची गरज आहे हे दिसू नये म्हणून उत्तर मुद्दाम लांबवायचं, अशी ही कसरत आहे. समोरच्याला तुम्ही त्या वेळी काय करत होतात याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त एवढंच कळतं की उत्तर आलं, किंवा आलं नाही.

मी भाषांतर आणि संपादनाची कामं घेते, त्यामुळे उदाहरणं त्याच क्षेत्रातली देईन. डिझाइन, हिशेब, फोटोग्राफी, वेबसाइट, शिकवणी, काहीही करत असलात तरी पहिल्या चौकशीचं गणित फारसं बदलत नाही.

आधी क्लायंटच्या बाजूने बघा. त्याला भाषांतर करून हवंय. ओळखीत कोणी नाही. तो तीन-चार नावं शोधतो आणि सगळ्यांना जवळपास तोच मजकूर पाठवतो. त्यातला जो पहिल्यांदा उत्तर देतो, काही नेमकं विचारतो, त्याला तो आपलं काम समजावून सांगायला लागतो. फाइल पाठवतो, तारीख सांगतो, आधीच्या माणसाने कसा घोळ घातला तेही सांगतो. एकदा एवढं सगळं सांगून झाल्यावर दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचा त्याला कंटाळा येतो. पहिल्या उत्तराचा फायदा असतो तो हाच. दराची तुलना नंतर होते, आणि ती होते तेव्हा तुमच्याशी त्याचं बोलणं बरंच पुढे गेलेलं असतं.

या विषयावर एक आकडेवारी सारखी फिरवली जाते, तिच्याबद्दल थोडं सांगते, कारण ती अर्धवट वाचून नवे लोक घाबरतात. २०११ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख आला होता. २,२४१ अमेरिकन कंपन्या वेबसाइटवरून आलेल्या चौकशीला किती वेळात प्रतिसाद देतात, हे त्यासाठी तपासलं होतं. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात प्रतिसाद दिला आणि २३ टक्के कंपन्यांनी दिलाच नाही. ज्यांनी महिन्याभरात दिला, त्यांची सरासरी निघाली ४२ तास. तासाभरात संपर्क करणाऱ्यांना एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ सातपट यश मिळालं, असंही त्याच लेखात आहे. लोकांच्या लक्षात राहतं ते हे 'सातपट'. पण तिथे यश म्हणजे काम मिळणं नव्हे, निर्णय घेणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण बोलणं होणं. शिवाय या सगळ्या कंपन्या होत्या, फोन उचलायला वेगळी माणसं ठेवणाऱ्या. आणि तासाभरात उत्तर देणारी कंपनी बाकीच्या गोष्टींतही नीटनेटकी असणार, म्हणजे सगळं श्रेय घड्याळाला देता येणार नाही. एकट्याने काम करणाऱ्याने 'एका तासात नाही तर काम गेलं' असा अर्थ काढून फोन छातीशी धरून बसू नये. मला त्यातला सगळ्यात कामाचा आकडा वाटतो तो २३ टक्क्यांचा. जवळपास चौथा हिस्सा उत्तरच देत नाही! स्पर्धा, स्पर्धा म्हणून आपण जिची धास्ती घेतो, तिच्यातले बरेच जण पहिल्याच पायरीवर स्वतःहून बाहेर पडलेले असतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पोच, म्हणजे मेसेज मिळाल्याचं उत्तर, लगेच द्यावी आणि कोटेशन, म्हणजे दर, मुदत आणि अटी, सावकाश द्यावं. बहुतेक नवे लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि मग दोन्हीकडून फसतात. कोटेशन नीट तयार व्हायला वेळ लागतो म्हणून पोचही दोन दिवस अडकून राहते, नाही तर पोच लगेच द्यायची म्हणून न बघताच दर सांगून मोकळे होतात.

एक नेहमीचा मेसेज घ्या. "नमस्कार, शब्दाला काय रेट घेता? अर्जंट आहे." बस, एवढंच. नाव नाही, विषय नाही. यावर माझं उत्तर साधारण असं असतं:

"नमस्कार, मेसेज मिळाला. मजकूर अंदाजे किती शब्दांचा आणि कशाबद्दल आहे? फाइल किंवा त्यातली दोन पानं पाठवता येतील का? ती पाहून आज संध्याकाळी सहापर्यंत दर आणि किती दिवस लागतील ते कळवते."

यात दर नाही. 'करून देते' असा शब्दही नाही. प्रश्न दोनच आहेत आणि समोरचा माणूस लिफ्टमध्ये उभा असला तरी उत्तर देऊ शकेल इतके सोपे आहेत. पहिल्याच उत्तरात बारा प्रश्नांची प्रश्नपत्रिका पाठवली की माणूस 'निवांत बघू' म्हणतो आणि ते निवांतपण कधी येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'संध्याकाळी सहा'. 'लवकरच कळवते' याला काही अर्थ नाही. 'सहापर्यंत' म्हटलं की समोरच्याला थांबायला कारण मिळतं. तोवर तो दुसरीकडे विचारणारच नाही असं नाही, पण निर्णय बहुधा सहापर्यंत लांबवतो. क्लायंट दुसऱ्या देशातला असेल तर सहा म्हणजे कुणाच्या घड्याळाचे सहा, तेही लिहा.

मग सहाच्या आत कोटेशन जायलाच हवं. नाही जमलं तर पावणेसहाला 'फाइल मोठी आहे, उद्या अकरापर्यंत देते' एवढं तरी गेलं पाहिजे. क्लायंटला तुमच्या कामाचा अजून काहीच अनुभव नसतो. त्याला तुमच्याकडून मिळणारी पहिली डिलिव्हरी म्हणजे हे कोटेशन. ते सांगितलेल्या वेळी आलं नाही, तर काम वेळेवर येईल यावर त्याने का विश्वास ठेवावा?

कोटेशन सावकाश का, तेही सांगते. दोन हजार शब्दांचं काम म्हणजे वर्ड फाइलमधला साधा माहितीपर लेख असू शकतो, नाहीतर वाकडातिकडा स्कॅन केलेला करार. स्कॅन असेल तर मजकूर आधी टाइप करून घ्यावा लागतो किंवा ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढून ओळ न् ओळ तपासावी लागते. तक्ते असतील तर मांडणीतच अर्धा दिवस जातो. भाषांतर कंपनीच्या आतल्या आत वाचायचंय की छापायचंय, यावरही मेहनत ठरते. बदल किती वेळा करून द्यायचे, मंजुरी कोण देणार, एकच माणूस की पाच जणांची समिती, पैसे कधी येणार, अ‍ॅडव्हान्स किती, हे सगळं कोटेशनमध्ये येतं. फाइल उघडायच्या आधी दर सांगितला आणि नंतर वाढवला, तर कारण कितीही खरं असलं तरी समोरच्याला वाटतं, आपल्याला गिऱ्हाईक बनवलं. पहिल्या मिनिटाला तोंडातून गेलेला आकडा परत घेता येत नाही. म्हणून फाइल पाहिल्यापासून कामाच्या एका दिवसात कोटेशन, हा माझा हिशेब. फारच आग्रह झाला तर 'साधारण इतक्यापासून सुरुवात होते, नेमका दर मजकूर पाहून' एवढं सांगते.

'अर्जंट' या शब्दाने घाबरून जाऊ नका. तो जवळपास प्रत्येक मेसेजमध्ये असतो. "कधीपर्यंत हवंय आणि त्या दिवशी काय आहे?" एवढं विचारा. अर्जाची शेवटची तारीख, कोर्टातली तारीख, छापखान्यात जायची तारीख, असं काही निघालं तर घाई खरी आहे. तिथे मेल-मेल खेळत बसू नका, फोन करा. काहीच निघालं नाही तर तारीख पुढे सरकते, आणि बऱ्याचदा बरीच पुढे सरकते.

पोच लगेच म्हणजे नेमकी किती लगेच? कामाच्या वेळेत दोन-तीन तासांत, आणि काही झालं तरी त्याच दिवशी. प्रत्येक टिंगटिंगला मान वर करून बघितलंत तर हातातल्या कामाची वाट लागते, आणि ते काम ज्याचं आहे त्याने पैसे मोजलेले असतात. नव्या चौकशीपेक्षा चालू क्लायंटचा हक्क आधी. मी सकाळी काम सुरू करताना, जेवणानंतर आणि दिवस संपवताना असे चौकशीचे मेल बघते. मधल्या वेळात नोटिफिकेशन बंद. फायव्हरसारख्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर तर तुम्ही पहिल्या मेसेजला २४ तासांत उत्तर देता की नाही, याची टक्केवारीच निघते. घरं भाड्याने देण्याच्या एअरबीएनबी या वेबसाइटवर 'सुपरहोस्ट' हा चांगल्या यजमानाचा दर्जा मिळवायला ९० टक्के प्रतिसाद-दर लागतो, आणि तिथेही घड्याळ २४ तासांचंच. म्हणजे या मोठ्या बाजारांनीसुद्धा एक दिवसाची मुभा ठेवली आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकशीची गोष्ट जरा वेगळी. अंथरुणात पडल्या पडल्या मेसेज उघडायचा, निळ्या टिका पडू द्यायच्या आणि दुपारपर्यंत गप्प बसायचं, यापेक्षा तो न उघडलेला बरा. निळ्या टिका बंद करता येतात, पण मग दुसऱ्याने वाचलं की नाही तेही तुम्हाला दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ मध्ये आलं, त्यात स्वागताचा मेसेज, कामाच्या वेळेबाहेरचा मेसेज आणि ठरावीक उत्तरं साठवायची सोय आहे. तिसरी सोय फार उपयोगाची. बाकीच्या दोन जपून वापरा. 'आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे' हे वाचून कोणाला मोलाचं वाटल्याचं मला माहीत नाही. त्यापेक्षा 'सोमवारी सकाळी दहानंतर उत्तर देईन' हे लिहिलेलं बरं. तरीही यंत्राने पाठवलेलं उत्तर म्हणजे पोच नाही. माणसाने वाचलंय हे त्यातून कळत नाही, त्यामुळे सोमवारी दहाला स्वतःचं उत्तर गेलंच पाहिजे.

रात्री साडेअकराला मेल आला आणि तुम्ही जागे आहात, म्हणून तेव्हाच उत्तर देऊ नका. एकदा दिलंत की तुमची कामाची वेळ साडेअकरापर्यंत आहे असं तुम्हीच जाहीर केलं. पुढे त्याचं काम चालू असताना रात्री मेसेज आले तर तक्रार कुणाकडे करणार? उत्तर सुचलं असेल तर लिहून ठेवा आणि सकाळच्या वेळेला लावून द्या. जीमेलमध्ये २०१९ पासून ही सोय आहे.

सगळ्यात झटपट द्यायचं उत्तर म्हणजे नकार, आणि नेमका तोच आपण सगळ्यात जास्त लांबवतो. काम आपल्या विषयातलं नाही, तारीख जमत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. पण वाईट वाटतं, किंवा काहीतरी जमेल अशी आशा असते, आणि तीन दिवस जातात. त्या तीन दिवसांत समोरच्याचं खरं नुकसान होतं. त्याच दिवशी 'मला या महिन्यात जमणार नाही' असं सांगा, आणि ते काम करणारं दुसरं कोणी माहीत असेल तर त्यांना आधी विचारून त्यांचं नाव द्या. असा नकार मिळालेले लोक पुढचं काम घेऊन परत येतात, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

याउलट, समोरचाच फार घाई करत असेल तर तुम्ही मुद्दाम संथ व्हा. एक जुनी फसवणूक अजून चालते: अनोळखी क्लायंट दराबद्दल अवाक्षर न काढता सगळं मान्य करतो, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि 'चुकून जास्त गेले, वरचे पैसे ताबडतोब परत करा' म्हणतो. तुम्ही तुमच्या खिशातले पैसे पाठवता आणि नंतर त्याचा चेक वटत नाही. तुम्ही विचार करायच्या आत हालचाल करावी, यावरच या फसवणुकीची सगळी भिस्त असते. म्हणून पैसे प्रत्यक्ष जमा होऊन पक्के झाल्याचं बँकेकडून कळेपर्यंत एक पैसाही हलवू नका. 'नमुना' म्हणून वीस पानं फुकट मागणाऱ्यांनाही माझ्याकडून लगेच उत्तर जात नाही. एक पान ठीक आहे.

आता कोटेशन गेलं आणि पलीकडून शांतता. हे इतकं नेहमीचं आहे की मनाला लावून घेऊ नये. दोन-तीन कामाच्या दिवसांनी एक छोटा मेल: "कोटेशन मिळालं ना? काही विचारायचं असल्यास कळवा." त्यानंतर आठवड्याने आणखी एक, त्यात तारखेचा मुद्दा: "या महिन्याअखेर काम हवं असेल तर मला सोमवारपर्यंत कळायला हवं." मग थांबा. कोटेशनवर 'हा दर १५ दिवसांसाठी' असं आधीच लिहिलेलं असलं की हे थांबणं सोपं जातं. कारण तोच माणूस चार महिन्यांनी 'आता सुरू करूया' म्हणत येतो, आणि तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यासारखीच पोच द्यायची, फाइल पुन्हा उघडून बघायची आणि नवा दर सांगायचा.